डाव्या हाताची कणीक

"गव्हाशी माझा संबंध आजपासून संपला!" पखवाजीने घरात जाहीर केलं. "तारीख लिहून ठेवा. यापुढे गहू आणि मी एकमेकांचं तोंड बघणार नाही!"

बायकोने तारीख लिहिली नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिने अशा बऱ्याच तारखा ऐकल्या होत्या. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. संध्याकाळी कार्यक्रम होता, पखवाज समोर आडवा पडला होता, आणि ही प्रतिज्ञा करणाऱ्या माणसाची दहाही बोटं ओल्या कणकेने बरबटली होती. हे बायकोने पाहिलं, लेकीने पाहिलं, खुद्द त्यानेही पाहिलं. पण तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात उजेड पडला नाही!

ज्यांनी पखवाज जवळून पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पखवाजाच्या उजव्या तोंडाला काळी शाई असते, ती कायमची. डावं तोंड मात्र कोरं. वाजवायला बसण्याआधी त्यावर दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापायचा. कणीक अर्थात गव्हाची. ती नीट बसली की डाव्या थापेचा आवाज ऐकणाऱ्याच्या खुर्चीतून वर चढतो. नाही बसली, तर पत्र्याचा डबा बडवावा तसा आवाज येतो. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी. पखवाजी चाळीस वर्षं हेच करत आला होता. त्यामुळे गहू म्हणजे खायची वस्तू आणि कणीक म्हणजे वाद्याचं सामान, असे त्याच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे झाले होते. या कप्प्यातलं त्या कप्प्यात कधी जात नसे.

पोटाचं दुखणं दीड वर्ष चाललं होतं. अकरा किलो वजन उतरलं. सदरे अंगावर लोंबायला लागले. रियाजाला बसलं की तासाभरात हात गळून जायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी निदान केलं की त्याच्या आतड्यांना ग्लूटेन सोसत नाही. गव्हाच्या पिठाला जो चिकटपणा असतो तो ग्लूटेनचा. चिमूटभर पोटात गेलं तरी आतडी आतून सोलवटून निघतात.

"याला गोळी नाही," बाई म्हणाल्या. "पथ्य हेच औषध, आणि ते जन्मभर. तीन महिन्यांनी रक्त तपासू. गहू पोटात गेला की रक्तातला एक आकडा चढतो, तो खाली यायला हवा."

"खाली? तळाला जाऊन बसेल!" पखवाजी म्हणाला.

आणि गड्याने पथ्य पाळलं हो! तेही काय सोपं नव्हतं. सकाळी स्टुडिओत रेकॉर्डिंग, दुपारी संगीतशाळेत सात विद्यार्थी, संध्याकाळी मैफल, आठवड्यातून दोनदा परगाव. असा माणूस जेवत नाही, जिथे जे समोर येईल ते गिळतो. आणि कलाकारांच्या खोलीत समोर काय येतं? सँडविच! केक! बिस्किटं! पुन्हा सँडविच! पखवाजीने विजेवर चालणारा इवलासा भाताचा कुकर आणला आणि तो पखवाजाच्या खोळीत कोंबून गावभर हिंडवला. स्टुडिओत एकदा रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर काचेपलीकडून हातवारे करायला लागला, "मागे बुडबुड कसली येतेय?" भात उतू जात होता! त्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात आजही ती बुडबुड ऐकू येते. रसिक म्हणतात, झऱ्याचा आवाज काय खुबीने घातलाय!

ज्यांच्यामागे तो वाजवायचा त्या गवयांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने केकच्या तुकड्यावर असं काही भाषण दिलं की बाकीच्यांनीही हातातले तुकडे गुपचूप खाली ठेवले. खिशात कायम दोन केळी. त्यातलं एक नेहमी वाद्य सुरात लावायच्या हातोडीखाली चिरडलेलं. पण नियमाला गडी पक्का.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा वाढला होता!

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "तुम्ही गहू खाताय," त्या म्हणाल्या.

"शप्पथ नाही हो, बाई!"

"रक्त खोटं कशाला बोलेल?"

"मग काय मी बोलतोय?"

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आपल्या चपलांकडे पाहिलं. पखवाजीला तिथे जे लागलं ते पोटाच्या दुखण्याहून वाईट होतं.

त्या दिवसापासून घरात तपास सुरू झाला. बायकोने आधी तानपुरा धरणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी मनापासून मदत केली. "काल मध्यंतरात दहा मिनिटं गायब होते हो! परत आले ते तोंड पुसतच!" गायब म्हणजे बिचारा लोकांच्या नजरा चुकवून जिन्याखाली बसून गार भात गिळत होता. मग गवयांना कळलं. ते मोठे गवई, पण मनाने हळवे. दर कार्यक्रमाआधी ते स्टेजच्या पायऱ्यांवर पखवाजीला अडवायचे आणि म्हणायचे, "आ करा." साठीच्या घरातला हा माणूस टॉर्च घेऊन त्याच्या दाढांमध्ये ब्रेड शोधायचा! सापडला नाही की गवई हळहळायचे, "चांगलेच सराईत झालात!"

आणि एका सकाळी बायकोला पुरावा सापडला. धुवायला काढलेल्या सदऱ्याचा खिसा तिने उलटा केला तर त्यातून भुगा पडला. वाळलेला, पिवळट.

"हे काय आहे?"

"हे? ही पखवाजाची कणीक गं. हात पुसतो तेव्हा जाते खिशात."

"चारही सदऱ्यांच्या?"

"चारही सदरे मीच घालतो ना!"

ती पलंगावर बसली. भांडेल असं त्याला वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "अहो, खाल्लंत तर खाल्लंत. एकदा काय, दहादा चुकेल माणूस. पण मला सांगा तरी. रात्री तुमच्या बरगड्या हाताला लागतात मला. मी मोजते त्या. तुम्ही असे झिजत जाणार आणि वर माझ्याशी खोटं बोलणार, मग मी कशाच्या आधारावर राहू?"

खरं बोलणाऱ्याजवळ पुरावा नसतो, ही त्याची मोठी पंचाईत असते. पखवाजी तिच्या शेजारी भुग्याकडे बघत बसून राहिला.

लेक कॉलेजात शिकत होती. तिने आईसारखे हेर नेमले नाहीत. तिने बापाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ काढले आणि एका सुट्टीच्या दुपारी आवाज बंद करून नुसते बघितले. मग हाक मारली, "बाबा, इकडे ये. आई, तूपण ये. आणि मोजा."

पडद्यावर पखवाजी वाजवत होता. गवयांनी श्वास घेतला, तेवढ्या उसंतीत पखवाजीचा डावा अंगठा तोंडाकडे गेला, जिभेला लागला, कणकेच्या कडेवरून फिरला आणि परत जागेवर आला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. कणीक दिव्यांच्या उष्णतेने सुकते, तिची कड उचलू नये म्हणून ती ओली करत राहावी लागते. पाण्याची वाटी शेजारी असतेच, पण तिथवर हात न्यायला वेळ कोणाला?

"सतरा," लेक म्हणाली. "एका तासात सतरा वेळा. बाबा, तू गहू खात नाहीस. तू गहू चाटतोस!"

बायको रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही. "खरं बोलत होते हो, खरंच बोलत होते," असं ती भिंतीला सांगत होती. पखवाजी मात्र हसला नाही. अंगठा जिभेला लावायचं त्याला कोणी शिकवलं होतं ते त्याला आठवलं होतं. वय वर्षं सात. समोर नाना बसलेले. "पाण्याने कड भिजते रे, जिभेने नुसती ओली होते. हे आपल्या घरातलं आहे, कोणाला सांगायचं नाही."

नाना आत्ताही शेजारच्याच खोलीत होते. चार वाजले होते. कणीक मळत होते.

नाना म्हणजे पखवाजीचे वडील आणि गुरूही तेच. सहा वर्षांपूर्वी झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. चाकाची खुर्ची आली, वाजवणं गेलं. ज्या डाव्या हाताने आयुष्यभर कणकेवर थाप दिली तो तेवढा उरला. तेव्हापासून ते रोज चार वाजता, मुलाचा कार्यक्रम असो नसो, एका हाताने कणीक मळायचे. वाटी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. मुठीएवढ्या गोळ्याला पाऊण तास लागायचा. मग तो ओल्या कपड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायचा, आणि पखवाजी निघाला की विचारायचं, "हॉल कसला आहे? पंखे आहेत की एसी?" उत्तर काहीही असो, पुढे म्हणायचं, "तरीच. पाणी एक बोट जास्त घातलंय." आणि तो परतला की त्यांचा एकच प्रश्न.

"बसली होती?"

"बसली होती, नाना."

मगच ते जेवायचे. दिवसभरात त्यांना जगाकडून हवं असलेलं एवढंच वाक्य होतं.

"सवय मोडता येणार नाही का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पखवाजीने आठ दिवस प्रयत्न केला. अंगठ्याला कडू औषध लावलं. तेही चाटलं! हात त्याचं ऐकतच नव्हता, तो नानांचं ऐकत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "मग कणीकच बंद करा. पर्याय नाही."

"सांगणार कोण?" बायकोने विचारलं.

नानांना काय सांगायचं? तुम्ही रोज पाऊण तास खपून मुलासाठी जे मळता तेच त्याला आतून खातंय? बैठक झाली, ठराव झाला. नानांना कळू द्यायचं नाही. डबा न्यायचा, "बसली होती" म्हणायचं, आणि पखवाजाला भलतंच काहीतरी थापायचं.

भलतं म्हणजे काय, हे शोधताना घराची रया गेली. तांदळाचं पीठ तीन थापांत गळून पडलं. मक्याचं वाळून तडकलं आणि त्याची ढलपी उडून लेकीच्या चष्म्यावर बसली. बटाटा उकडून लावला, तो चिकटला, पण हातालाच! नानांच्या कानावर आवाज जाऊ नये म्हणून हे सारे प्रयोग भर दुपारी न्हाणीघरात, दार लावून, नळ सोडून चालायचे. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन काळजीने विचारून गेल्या, "तुमच्याकडे कोणी आत अडकलंय का?" मग पखवाजीने लहान मुलं खेळतात ती रंगीत क्ले आणली. काय बसली म्हणता! आवाज घुमला! पखवाजी आनंदाने नाचायच्या बेतात होता, तेवढ्यात लेकीने डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. पाणी, मीठ, रंग आणि गव्हाचं पीठ!

गव्हाची चिकटाई म्हणजेच ग्लूटेन, हे त्याला आता कुठे उमगलं. त्याच्या आतड्यांना जे नको होतं तेच नेमकं पखवाजाला हवं होतं. शेवटी तांदळाच्या पिठात भिजवलेला डिंक घालून एक लगदा जमला. आवाज निम्मा, पण थंड हॉलमध्ये तासभर टिकायचा. आणि तो चाटला तरी पोटाला काही होत नव्हतं.

राहिला प्रश्न नानांच्या डब्याचा. घरातल्या केरात टाकता येईना. वाटेत तळं होतं, तळ्यात बदकं होती. पखवाजीने हातमोजे घातले, गोळ्याचे तुकडे केले आणि पाण्यात टाकले. पहिल्या दिवशी चार बदकं आली. आठव्या दिवशी चौदा. पंधराव्या दिवसापासून तर गाडीचा आवाज ओळखून ती रस्त्यापर्यंत चालत यायला लागली आणि कार्यक्रमाचा रेशमी सदरा घातलेला हा माणूस त्यांच्यापुढे मागे मागे सरकत म्हणायचा, "सांगतोय ना, संपली! घरी जा!"

हे असंच चालून गेलं असतं. पण गवयांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांनी सकाळची मैफल ठरवली आणि स्वतः घरी येऊन नानांना म्हणाले, "तुम्ही माझ्यामागे वीस वर्षं वाजवलंत. या वेळी समोर बसा."

सहा वर्षांत नाना मैफलीला गेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी पहाटे उठून कणीक मळायला घेतली. सव्वा तास मळली. सुनेने पाहिलं, ते मध्ये मध्ये थांबून गोळ्यावर हलक्या थापा मारत होते, ओठांनी बोल म्हणत होते. डबा त्यांनी पखवाजीकडे दिला नाही, गाडीत स्वतःच्या मांडीवर ठेवला.

हॉलवर पोचल्यावर पखवाजीने डबा मागून घेतला. बायकोने "नाना, पुढची जागा जाईल" म्हणत खुर्ची जवळजवळ पळवतच आत नेली. मोकळी जागा मिळाली ती पुरुषांच्या स्वच्छतागृहात. तिथे बेसिनजवळ उभं राहून त्याने तांदूळ-डिंकाचा लगदा थापला. नानांचा डबा जसाच्या तसा झोळ्यात गेला.

पहिल्या थापेलाच समोरच्या रांगेत नानांनी मान वर केली. पखवाजीने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

पाऊण तास कसाबसा गेला. डोक्यावर भलेमोठे दिवे तळपत होते. गवई रंगात आले, लय वाढली, पखवाजीने सारा जीव एकवटून डावा हात टाकला, आणि लगदा सुटला! अर्धा तानपुरेवाल्या बाईंच्या पदरात, चतुर्थांश पहिल्या रांगेच्या पायाशी, आणि एक तुकडा अचूक गवयांच्या पाण्याच्या पेल्यात. गवयांचे डोळे मिटलेले. त्यांनी तंद्रीतच पेला उचलला, घोट घेतला आणि पुढची तान घ्यायला तोंड उघडलं. उघडेना! डिंकाने वरचा दात खालच्या दाताला धरून ठेवला. ते नुसते हात हलवत राहिले. रसिकांना वाटलं, हे मौनातलं गाणं. टाळ्या पडल्या. ग्लूटेन नव्हतं त्यात, एवढंच काय ते समाधान!

मग मात्र कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसला. पखवाजीने उरलेला कार्यक्रम कोऱ्या चामड्यावर ओढला. डबा बडवल्यासारखा आवाज येत होता. हॉलमध्ये एकच माणूस हसला नव्हता. नाना मांडीवरचा आपला डावा हात उलटा-सुलटा करून बघत होते.

गाडी परतीच्या वाटेला लागली. तळं आलं तसे नाना म्हणाले, "थांब जरा. हवा खाऊ."

त्यांची खुर्ची काठावरच्या बाकाशी लावली. पखवाजी झोळा घेऊन शेजारी बसला. ऊन होतं, पाणी चकाकत होतं.

"हात गेला रे माझा," नाना म्हणाले. "पहिल्या थापेलाच कळलं मला. कणीक अशी कधी मळली गेली नव्हती माझ्याकडून. चार लोकांत तुझं हसं केलं मी. उद्यापासून तू मळ. मी नाही आता हात लावणार."

पखवाजीने बायकोकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, जाऊ द्या, बोलू नका. खरंच, नुसतं गप्प बसायचं होतं. सगळं आपोआप मिटत होतं. लपवाछपवी संपली असती, डबा बंद झाला असता आणि नानांनी तो स्वतःहून बंद केला असता. तोंड मिटून बसायचं, बस्स! पखवाजी गप्प बसलाही. पण नाना त्या हाताकडे असे बघत होते की उजवा गेला तेव्हाही त्यांनी तसं पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात बदकं आली.

चौदाच्या चौदा. पाण्यातून बाहेर पडून, पंख झाडत, ओरडत, ती सरळ पखवाजीच्या पायांशी आली. एकाने झोळ्यात तोंड घातलं. दुसऱ्याने त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं.

नाना बघत राहिले. "तुला ओळखतात ही?"

पखवाजीने झोळ्यातून डबा काढला आणि नानांच्या मांडीवर ठेवून उघडला. ओल्या कपड्यात सकाळचा गोळा जसाच्या तसा होता. वर नानांच्या बोटांचे ठसे.

"नाना, आज गळून पडली ती तुमची कणीक नव्हती," तो म्हणाला. आणि मग सगळं सांगून टाकलं. आकडा, सतरा वेळा, न्हाणीघर, डिंक, तळं. सांगताना त्याला रडू आवरेना. पन्नाशीला टेकलेला माणूस चौदा बदकांच्या घोळक्यात बसून हुंदके देत होता.

नानांनी अंगठ्याने गोळा दाबून पाहिला. सावकाश वर येऊ दिला. "बसली असती," ते म्हणाले.

"बसली असती, नाना."

"किती दिवस झाले हे?"

"एकवीस."

"एकवीस दिवस बदकांना?" नानांचा आवाज चढला. "आणि मी आपला पाणी मोजून घालतोय! हॉलमध्ये एसी आहे म्हणून!"

सुनेला हसू फुटलं. नानाही हसले. पण ते हसू मध्येच थांबलं. "जिभेचं मीच शिकवलं होतं तुला," ते म्हणाले. "सात वर्षांचा होतास. नको म्हणत होतास, कच्चट लागतं म्हणून. मी दटावलं होतं." पखवाजीने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर नानांनी तो झटकन मागे घेतला. "कणकेचा आहे," ते म्हणाले. "नको लावूस."

त्यानंतर घर शहाण्यासारखं वागायला लागलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने रबरासारखा लगदा बनवून दिला. तो बसतो, सुकत नाही, चाटावाही लागत नाही. आवाज बराचसा तसाच येतो. जो तसा येत नाही त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. चार वाजले की नाना गुडघ्यावर हात ठेवून खिडकीशी बसायचे. वाटी फडताळात गेली होती. घरातले सगळे त्या वेळी काहीतरी मोठमोठ्याने बोलायचे.

पाचव्या दिवशी पखवाजी कार्यक्रमाला निघाला तर दाराशी डबा तयार होता.

"तळ्यावरूनच जातोस ना?" नानांनी दुसरीकडे बघत विचारलं. "हातमोजे घाल. आज ऊन फार आहे, घशात अडकायची त्यांच्या. पाणी एक बोट जास्त घातलंय."

तो परतला तेव्हा नाना जेवायचे थांबले होते.

"खाल्ली?"

"खाल्ली, नाना."

मग ते जेवले. सारं कसं छान जुळून आलं होतं. जेमतेम आठवडाभर! एका संध्याकाळी तळ्यावर नवी पाटी दिसली आणि पाटीखाली शिट्टी घेतलेला रखवालदार. "ओ साहेब! वाचता येतं ना? पक्ष्यांना पीठ घालायला बंदी आहे! पोटं बिघडतात त्यांची!"

बदकांनाही गहू बंद झाला होता!

पखवाजी डबा घेऊन गाडीत येऊन बसला. समोर कचऱ्याचा पिंप होता. त्याने हातमोजा घातला, गोळा उचलला. त्यावर चार बोटं आणि एक अंगठा नीट उमटलेला होता. तो दहा मिनिटं तसाच बसला. मग त्याने डिकी उघडली, वर्तमानपत्र पसरलं आणि गोळा त्यावर ठेवून दिला.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा निम्म्याहून खाली! डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच हसून पाहिलं. "आता काही लपवत नाही ना?"

"छे हो!" पखवाजी म्हणाला.

बायको त्या आनंदात गाडीकडे धावली. फळांची पिशवी ठेवायला तिने डिकी उघडली आणि उघड्या डिकीपुढे तशीच उभी राहिली. वर्तमानपत्रांवर ओळीने, वाळून दगड झालेले गोळे. सत्तरेक तरी होते. गव्हाशी संबंध संपवलेल्या माणसाच्या गाडीत! प्रत्येकावर चार बोटं आणि एक अंगठा. अलीकडच्या काही गोळ्यांवर अंगठा पुसट होता.

तिने एक उचलला, पदराने पुसला आणि जागच्या जागी ठेवला. डिकी लावली. फळांची पिशवी तिने घरी येईपर्यंत मांडीवरच ठेवली. पखवाजी वाटभर मनातल्या मनात उत्तरं जुळवत होता.

घरात पाऊल टाकताच खिडकीशी बसलेल्या नानांचा प्रश्न आला, "खाल्ली?"

पखवाजीने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी बायको बोलली. "सगळी खाल्ली हो, नाना! मी आज स्वतः पाहिलं. आणखी मागत होती. उद्यापासून जरा जास्त मळा."

नानांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! दुसऱ्या दिवशी चारच्या ऐवजी तीनलाच वाटी निघाली, आणि दाराशी एकाच्या जागी दोन डबे आले. डिकीत जेमतेम आठवड्याची जागा उरली आहे, हे आता जास्त मळा म्हणणाऱ्या त्या माउलीला कोणी सांगायचं!